एकच कॉल संपायची वाट बघणाऱ्या दोघी

पत्र

ताई, माझं माहेर सोलापूर. नवरा चेन्नईचा, तमिळ. ओळख हिंजवडीत झाली, लग्नानंतरची तीन वर्षं पुण्यात छान गेली. दोन वर्षांपूर्वी सासरे वारले, सासूबाई एकट्या पडल्या. तो एकुलता एक, म्हणून बदली मागून घेतली आणि आम्ही चेन्नईतल्या शोलिंगनल्लूरला राहायला आलो. मी पुण्यातल्या एका फर्मचं अकाउंट्सचं काम घरून करते. तो अमेरिकन क्लायंटच्या सपोर्ट प्रोजेक्टवर आहे. दुपारपर्यंत ऑफिस, मग घरी येऊन संध्याकाळी साडेसहापासून खोलीचं दार बंद. साडेदहा-अकराला बाहेर येतो, आईशी तमिळमध्ये दोन वाक्यं बोलतो, जेवतो आणि झोपतो. माझ्याशी "जेवलीस?" आणि "उद्या लवकर निघायचंय" एवढंच. पुण्यात हाच माणूस माझ्याशी तासन्‌तास बोलायचा. तीन वर्षांची मुलगी आजीकडून तमिळ शिकलीय. परवा मला "आई" सोडून "अम्मा" म्हणाली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. या घरात मी पेइंग गेस्ट झालेय. त्याला आता पुण्यात परत बदली मिळू शकते. मी हट्ट धरू का? की त्याचं माझ्यावर प्रेमच उरलं नाही?

— सोलापूरची लेक

उत्तर

प्रिय लेकी,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला रात्री झोपू देत नसणार. तुझ्या पत्रात प्रेम आटल्याची खूण मला कुठे सापडली नाही. तासन्‌तास बोलणारा माणूस "जेवलीस?" एवढ्यावर आला, हे तुला फार कमी वाटतं. पण तमिळ घरात तो एक शब्द किती वजनाचा असतो, हे मी त्याच शहरात नऊ वर्षं राहून शिकले. "साप्टाच्चा?" म्हणजे जेवण झालं का. फोन उचलल्यावर हेच, दारात भेटल्यावर हेच, भांडण मिटवायचं असलं तरी हेच. तो तुला मराठीत विचारतो, म्हणजे स्वतःच्या घरातली सर्वांत मायेची गोष्ट तुझ्या भाषेत आणून ठेवतो. तेवढ्यावर तू समाधान मानावंस असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त ते प्रेमाच्या खात्यात जमा धर, एवढं मागते.

आता त्याचा दिवस. मी तिथेच पेरुंगुडीत राहायचे, आधी टेस्टिंगला आणि नंतर चार वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम सांभाळण्याच्या कामाला होते, त्यामुळे बंद दारामागे काय चालतं ते मला आतून माहीत आहे. सकाळी ओएमआरवरची, म्हणजे आयटी ऑफिसांच्या त्या हमरस्त्यावरची गर्दी, मेट्रोच्या कामाने अरुंद झालेला रस्ता. ऑफिसात टीमशी तमिळ, पण मेल आणि टिकिटं, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, सगळी इंग्रजीत. संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात आणि तिथून खरा दिवस सुरू होतो. सगळं सुरळीत असलं तर कामाची सोपवासोपव, दोन-तीन मीटिंगा आणि सुटका. पण क्लायंटची सिस्टिम बंद पडली, पहिल्या दर्जाचं, म्हणजे सर्वांत तातडीचं टिकिट आलं, की सगळ्यांना एकत्र जोडणारा ब्रिज कॉल उघडतो. त्यावर माणसं जमत जातात आणि सिस्टिम उभी राहीपर्यंत कुणी हलत नाही. मधूनमधून कुणीतरी विचारतं, आणखी किती वेळ? उत्तर ठाऊक नसतं, तरी शांत आवाजात, नीट उच्चार करून, समोरच्याला पुन्हा विचारावं लागू नये अशा बेताने बोलायचं असतं. तीन तास असं परक्या भाषेत तोलून-मापून बोललं की शब्दांची पिशवीच रिकामी होते. मग बाहेर आल्यावर तोंडातून निघते ती मातृभाषा, कारण तिच्यासाठी काही शोधावं लागत नाही. आईशी तो तमिळमध्ये दोन वाक्यं बोलतो ते तुला वगळायला बोलत नाही. त्या वेळी त्याच्याकडे तेवढंच शिल्लक असतं.

हे मी इतक्या खात्रीने लिहितेय कारण हीच रिकामी पिशवी मी माझ्या मुलाला दाखवलीय. तो पाच वर्षांचा होता. शाळेत काढलेलं चित्र घेऊन तो दारात यायचा आणि मी हेडफोन न काढता हात वर करायचे, थांब म्हणून. किती वेळा केलं असेल, मोजलं नाही. एका रविवारी मी नुसती पुस्तक वाचत बसले होते. तो दाराशी आला, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला आणि हळूच म्हणाला, "आई, म्यूटवर आहेस का?" कॉल नव्हता, लॅपटॉपही बंद होता. पण माझ्या खोलीत शिरण्याआधी हे विचारायचं असतं, असा नियम त्याच्या डोक्यात पक्का झाला होता. त्या आठवड्यात मी मॅनेजरकडे गेले. ती गोष्ट पुढे सांगते, कारण तुझ्या कामाची आहे.

तर तुझ्या नवऱ्याचं दमणं खरं आहे. पण दमलेल्या माणसालाही घरात येऊन बसावं लागतं, यातून त्याची सुटका नाही. ते त्याला तूच सांगायला हवंस, आणि रात्री अकरा वाजता नको. अकराला सांगितलेलं भांडण होतं.

मग कधी? सोमवारी सकाळी. हे तू त्याला विचारून बघ, तो लगेच हसेल. अमेरिकन क्लायंटचं काम करणाऱ्याचा शुक्रवार शनिवारच्या पहाटेपर्यंत लांबतो, कारण तिथे ऑफिस सुटतं तेव्हा चेन्नईत पहाटेचे अडीच-साडेतीन वाजलेले असतात. सॉफ्टवेअरमधले नवे बदलही बरेचदा वीकेंडलाच टाकतात, तिकडे वापर कमी असतो म्हणून. म्हणजे शनिवार बुडतो, रविवार झोपेत जातो. पण आपल्या सोमवारी सकाळी तिकडे अजून रविवारची रात्र असते. मेल नाही, फोन नाही, विचारणारं कुणी नाही. आठवड्यातली सर्वांत निवांत सकाळ तीच. ती तू मागून घे. मुलगी उठायच्या आत दोघं गच्चीवर जा, दबरा-टंबलरमधली, म्हणजे तिकडच्या वाटी-पेल्यातली फिल्टर कॉफी घेऊन. पहिल्या सोमवारी तक्रार अजिबात काढू नकोस. पुण्यातलं काहीतरी बोला. दुसऱ्या सोमवारी सांग, की संध्याकाळच्या बंद दाराबाहेर तुला काय वाटतं. त्याच्याकडून ऑन-कॉलचा, म्हणजे बिघाडाला हजर राहायच्या पाळ्यांचा, महिन्याचा रोस्टर मागून घे आणि फ्रिजवर लाव. ज्या आठवड्यात त्याची पाळी आहे त्या आठवड्यात तुझी अपेक्षा कमी, ज्या आठवड्यात नाही त्या आठवड्यात पूर्ण. आणखी एक: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात. तुमचा साडेसहाचा कॉल साडेसातला जातो आणि मार्चमधल्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथेच राहतो. दार एक तास उशिरा बंद होतं आणि एक तास उशिरा उघडतं. गेल्या हिवाळ्यात तो आणखी दूर गेल्यासारखा वाटला असेल तर त्यात थोडा हात त्या घड्याळाचाही होता. आणि हिवाळ्यात संध्याकाळचा जो जादा तास मिळतो तो मुलीला बाहेर नेण्यासाठी त्याच्या नावावर लिहून टाक.

कॉल संपल्यावरचा करारही त्या गच्चीवरच ठरवा. दार उघडल्यावर पंधरा मिनिटं त्याला कुणी काही विचारायचं नाही. तूही नाही, आईही नाही. पंधरा मिनिटांनी त्याने आपणहून येऊन तुझ्याजवळ बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. बोलायला सुचलं नाही तरी बसायचं. आमच्या घरी यावर तोडगा म्हणून मी भाजी निवडायला घ्यायचे. हाताला काम असलं की तोंड आपोआप सुटतं.

आता भाषेकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

तू सोलापूरची. तुझ्या गावात निम्मा बाजार तेलुगूत चालतो, तुला लहानपणापासून कानावर पडणाऱ्या परक्या भाषेची भीती नसणार. मग तमिळला तू दोन वर्षांत हात का घातला नाहीस? रागावून विचारत नाही. मीही पहिली दोन वर्षं घातला नव्हता. मला वाटायचं, ऑफिसात इंग्रजीवर निभतं, भाजीवाल्याशी बोटांवर निभतं, चाललंय ना. आमच्या घरमालकीणबाई रोज वरच्या मजल्यावरून काहीतरी पाठवायच्या आणि मी नुसती मान हलवायचे. एकदा त्यांच्याकडे जेवायला बसले तर त्या रसम-भात वाढतच गेल्या. मला थांबवता येईना. शेवटी शेजारच्या मुलीने कानात सांगितलं, "पोदुम" म्हणा. म्हणजे पुरे. मी म्हटलं आणि बाईंनी डाव खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्याच रात्री वही आणली.

वही भरायला लागले तेव्हा कळलं, की ही भाषा आपल्याला वाटते तेवढी लांब नाही. आपला एका शब्दाचा "नको" हिंदीत आणायला दोन शब्द लागतात. तमिळमध्ये तो एका शब्दात आहे, "वेण्डाम". आपण घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. तेही "पोयिट्टु वरेन" म्हणतात, जाऊन येते. आपला ळ तिथे जसाच्या तसा आहे, दिल्लीकडच्या माणसाला तो कसरत करून म्हणावा लागतो. भोगी त्यांची आणि आपली एकाच दिवशी. ऑफिसात आयुधपूजेला लॅपटॉपला गंध-कुंकू लावतात ते तू पाहिलंच असशील, तो दिवस म्हणजे आपली खंडेनवमी. आणि नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत अंगाला तेल लावून न्हाणं सोलापुरात आहे तसं शोलिंगनल्लूरलाही आहे. त्या दिवशी तिकडे एकमेकांना विचारतात, "गंगा स्नानम् आच्चा?"

पण या सगळ्यात एक गोष्ट तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीय. हिंदीत "हम" एकच, इंग्रजीतही एकच शब्द. आपल्याकडे दोन आहेत. "आम्ही निघालो" म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. "आपण निघू" म्हटलं की तोही बरोबर येतो. तमिळमध्ये हाच भेद आहे आणि तितकाच काटेकोर. "एंग वीडु" म्हणजे आमचं घर, तुझ्याशिवायचं. "नम्म वीडु" म्हणजे आपलं घर, तुला धरून. आता तू काय कर, आठवडाभर कान उघडे ठेव. त्या जेवणाच्या टेबलावरच्या दोन वाक्यांत तुझ्यासमोर सासूबाई कोणता शब्द वापरतात ते ऐक. माझी पैज आहे की तुला "नम्म" ऐकू येईल. तुला ज्या भाषेने बाहेर ठेवलंय असं वाटतं, तिने कदाचित तुला कधीच आत घेतलंय आणि तुला ते कळायला दोन शब्द कमी पडतायत. आणि समज "एंग" ऐकू आलं, तर निदान नेमकं कुठे बोट ठेवायचं ते तुला कळेल.

आणि सासूबाईंचं. तुझ्या पत्रात त्या एकदा एकट्या पडल्या म्हणून येतात आणि मग आजी म्हणून येतात. मधल्या बाई कुठे गेल्या? ज्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, ज्यांचा मुलगा त्यांच्यासाठी शहर बदलून आला आणि साडेसहाला दार लावून बसला. संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा त्या घरात दोन बायका आहेत आणि दोघी एकाच दाराकडे बघत बसतात. तुझ्या वाट्याला त्याची दोन वाक्यं येतात, त्यांच्याही वाट्याला दोनच. तुम्ही दोघी एकमेकींच्या वाट्यातलं घेत नाही आहात, दोघींनाही कमीच पडतंय. हे चार तास तू त्यांना मागून बघ. स्वयंपाकघर ही भाषेची सर्वांत स्वस्त शाळा. इडलीचं पीठ वाटून झालं की त्या मीठ घालून ते हाताने कालवतात का बघ. आमच्या मालकीणबाई कोपरापर्यंत बाही सारून, मनगट बुडेपर्यंत हात घालून कालवायच्या आणि म्हणायच्या की चमच्याने कालवलं तर पीठ फुगत नाही. उळुंदु म्हणजे उडीद, कोंजम म्हणजे थोडं, हे मी त्या पातेल्याजवळ शिकले. तू त्यांना बदल्यात शेंगाची चटणी शिकव. सोलापूरची लेक आहेस, चेन्नईत तिच्यासारखी चटणी मिळायची नाही. आणि पुरणपोळी केलीस तर त्या म्हणतील, ही तर आमची पोळी. तमिळ घरात डाळीची आणि नारळाची अशा दोन्ही पोळ्या करतात, नावही पोळीच. त्यांना "अत्तै" म्हणतेस ना? तमिळमध्ये सासूला आणि आत्याला एकच शब्द आहे, आपल्या आत्याचाच जवळचा आवाज. मला तो शब्द फार आवडतो.

मुलीबद्दल मी लांबण लावत नाही. तिने "अम्मा" म्हटलं तेव्हा ती तुझ्यापासून दूर गेली नाही, दिवसभर जो शब्द कानावर पडतो तो तिच्या तोंडात आला. तीन वर्षांचं मूल दोन भाषा सहज पेलतं, फक्त दुसरी भाषा रोज आणि भरपूर ऐकू यायला हवी. तू तिच्याशी मराठीतच बोल, अडलं तरी तमिळ किंवा इंग्रजी मिसळू नकोस. पाट्टीला, म्हणजे तिच्या आजीला, तमिळ बोलू दे, तिला अडवू नकोस. अडवलंस तर मुलगी तुमच्या दोघींच्या मध्ये उभी राहील. रात्रीची गोष्ट मराठीत, सोलापूरच्या आजोबांना रोज व्हिडिओ कॉल. आणि बापाला सांग, तुझं हिंजवडीचं मराठी गंजू देऊ नकोस, मुलीसमोर माझ्याशी मराठीत बोल. आपले अप्पा आईशी मराठी बोलतात हे तिने पाहिलं की "आई" कुठे जात नाही.

त्याच्या मराठीवरून आठवलं. हा माणूस पुण्यात आला तेव्हा आज तू जिथे उभी आहेस तिथे उभा होता. तमिळ माणसाला आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. प्रत्येक फॉर्मवर, घरभाड्याच्या करारावर, बँकेत त्याला "आडनाव काय?" विचारलं गेलं असणार. रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला शिकला असणार, कॅन्टीनच्या रांगेत लोक कशावर हसले ते न कळता हसला असणार. सोमवारच्या कॉफीवर त्याला विचार, तुझी पुण्यातली पहिली दोन वर्षं कशी होती? मला वाटतं त्याने हे कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण तू भेटलीस आणि तो विषयच संपला. हे बोलताना तुझी आत्ताची अवस्था तुला वेगळी समजावून सांगावीच लागणार नाही.

राहिला पुण्याचा हट्ट. आत्ता धरू नकोस. तुझी इच्छा चुकीची आहे असं नाही. पण आत्ता तुम्ही पुण्याला गेलात तर प्रोजेक्ट तोच, क्लायंट तोच, संध्याकाळी साडेसहाला दारही तसंच लागणार. फक्त या वेळी दाराबाहेर परक्या शहरात भाषा न कळणारी बाई म्हणून अत्तै बसलेल्या असतील. आधी दार उघडायचं बघा. मी मॅनेजरकडे गेले तेव्हा राजीनामा घेऊन गेले नव्हते, प्रोजेक्टमधून रिलीज, म्हणजे त्या कामातून मोकळीक मागितली होती. सपोर्टला पुरेशी वर्षं झाली असली की हे मागता येतं, आणि मागायला लाजायचं काही कारण नाही. मला पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, तुझ्या जागी माणूस तयार करून दे. पाच महिने लागले, पण मी ब्रिटिश क्लायंटच्या कामावर गेले. लंडनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा चेन्नईत उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजतात. रात्री नऊच्या आत मी मोकळी व्हायला लागले. पगारातला शिफ्टचा भत्ता गेला, तो आम्हाला पहिले काही महिने जाणवला. तुम्हालाही जाणवेल, तो हिशेब आधी मांडून ठेवा, तू अकाउंट्सवाली आहेस. त्याला म्हणावं, युरोपचं किंवा डेव्हलपमेंटचं काम मागून बघ, तारीख ठरवून माग, आणि नाही म्हणाले तर तीन महिन्यांनी पुन्हा माग.

सहा महिने हे सगळं मनापासून करूनही तो सोमवारी गच्चीवर येत नसेल, रिलीज मागत नसेल, तर पुण्याचा विषय काढ आणि ठामपणे काढ. तेव्हाही वाक्य "मला परत जायचंय" असं नको. "आपण कुठे राहायचं?" असं विचार, अत्तैंना समोर बसवून, आणि तमिळमध्ये. तोवर तेवढं तमिळ तुला नक्की येईल.

या सोमवारी काय झालं ते मला कळव. आणि टेबलावर कोणता शब्द ऐकू आला, तेही.

तुझी,
ताई